राजीनाम्याच्या तारखा आणि भिंतीवरचं कालनिर्णय

मार्च संपला, पगारवाढीचा कागद हातात पडला, की माझ्या टपालात नोकरी सोडणाऱ्यांची गर्दी होते. दरवर्षीचंच आहे. या वेळच्या गठ्ठ्यातून पाच पत्रं निवडून थोडक्यात दिली आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या मालकांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी एका सॉफ्टवेअर कंपनीत साडेतीन वर्षं आहे. 13 फेब्रुवारीला, शुक्रवारी रात्री 8.40 ला, मॅनेजरना ईमेलवर राजीनामा पाठवला आणि एचआरला प्रत ठेवली. मॅनेजर म्हणाले, सोमवारी बोलू. मग चार बैठका झाल्या, पगार वाढवतो म्हणाले, आणि शेवटी 23 तारखेला त्यांनी पोर्टलवर राजीनामा 'मंजूर' केला. आता पोर्टल माझा शेवटचा दिवस 24 मे दाखवतं. नव्या ठिकाणी मला 18 मेला रुजू व्हायचं आहे. नियुक्तीपत्रात 'दोघांपैकी कोणीही 90 दिवसांची लेखी नोटीस देऊन' एवढंच वाक्य आहे. माझ्या 14 रजा शिल्लक आहेत, त्या नोटिशीच्या दिवसांत वळत्या करता येतील का? एचआर म्हणतं, कमी पडणाऱ्या दिवसांचे पैसे भरा, वर जीएसटीही लागेल. आई म्हणते भांडू नकोस, नोकरी सोडल्याचं पत्र अडवून ठेवतील. – हिंजवडी, पुणे

उत्तर : तुला 'तू' म्हणते, माझ्या भाचीच्या वयाची दिसतेस. तुझ्या पत्रात तारीख आहे, वार आहे, घड्याळातली वेळसुद्धा आहे. निम्मे लोक 'मागच्या महिन्यात साहेबांच्या कानावर घातलं होतं' असं लिहितात आणि मला विचारतात, माझा शेवटचा दिवस कोणता? कानावर घातलेल्याला तारीख नसते.

भिंतीवरचं कालनिर्णय काढ आणि पेन्सिल घे. दिवस मोजून देणारी ॲप आहेत, पण पहिला दिवस धरायचा की सोडायचा हे त्यांना आपणच सांगावं लागतं आणि घोळ नेमका तिथे होतो. नोटीस दिली तो दिवस धरायचा नाही. कायद्यातल्या शब्दांचे अर्थ लावण्यासाठी 1897 चा जनरल क्लॉजेस ॲक्ट आहे. त्यात अमुक दिवसा'पासून' म्हटलं की तो दिवस वगळायचा अशी रीत दिली आहे, आणि करार वाचतानाही साधारण तीच पाळतात. तेव्हा 14 फेब्रुवारी हा तुझा पहिला दिवस. फेब्रुवारीचे 15, मार्चचे 31, झाले 46. एप्रिलचे 30, झाले 76. उरले 14. नव्वदावा दिवस 14 मे, गुरुवार. शनिवार-रविवार, होळी, पाडवा सगळं यातच आलं. पत्रात 'कामाचे 90 दिवस' असं असतं तरच सुट्या वगळल्या असत्या.

मग पोर्टलने 24 मे कुठून आणला? 23 फेब्रुवारीपासून मोजून. म्हणजे तुझी मनधरणी करण्यात मॅनेजरनी घालवलेले दहा दिवस त्यांनी तुझ्याच खात्यावर टाकले!

सरकारी नोकरीत राजीनामा स्वीकारला जाण्याला वजन असतं. तुझ्या नियुक्तीपत्रात मात्र मंजुरीचा शब्दच नाही, 'नोटीस देऊन' आहे. नोटीस देणं म्हणजे कळवणं. त्यात परवानगी मागितलेली नसते. 2018 मध्ये एअर इंडियातल्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की राजीनामा देणं हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे. नियमांत किंवा नेमणुकीच्या अटींत वेगळं काही नसेल, शिस्तभंगाची कारवाई चालू नसेल, तर मनाविरुद्ध त्याला नोकरीत ठेवता येत नाही. म्हणून मॅनेजरनी बटण 23 ला दाबलं काय किंवा होळीनंतर दाबलं काय, तुझी मुदत ईमेल पोचला तेव्हाच सुरू झाली.

रात्रीच्या 8.40 वर एचआर कदाचित बोट ठेवेल. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे, ठरवून दिलेल्या पत्त्यावर ईमेल शिरला की तो मिळाला. तरीही कंपनीच्या धोरणात 'कार्यालयीन वेळेनंतरचं पत्र पुढच्या कामाच्या दिवशी मिळालं असं धरू' अशी ओळ असली, तर 16 फेब्रुवारी, सोमवार धरावा लागेल. मग नव्वदावा दिवस 17 मे येतो, रविवार. तू 18 ला नव्या ठिकाणी जाऊ शकतेसच. मी पेन्सिलीने दोनदा मोजलं.

खरी भीती मला दुसरीच आहे. त्या चार बैठकांनंतर तू कुठे 'ठीक आहे सर, विचार करते' असं लिहिलंस का? पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख येण्याआधी मागे घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच सांगितलंय. ती सोय कर्मचाऱ्याच्या भल्याची आहे, पण तुझ्या एखाद्या मोघम चॅटवरून कंपनी म्हणेल की तू 13 चा राजीनामा मागे घेतलास आणि 23 ला नवा दिलास. जुने निरोप चाळून बघ. असं काही लिहिलं नसशील तर निर्धास्त राहा.

आता जरा वाकडी वाट करते. तुझ्या पत्रात '90 दिवस' आहे, पण पुष्कळांच्या पत्रात 'तीन महिने' असतं आणि लोक दोन्ही एकच धरतात. एक नाहीत. महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, त्याच क्रमांकाच्या तारखेपर्यंत. हिमाचल प्रदेश सरकारच्या एका लवादाच्या खटल्यात 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने हे सविस्तर सांगितलं. तिथे 12 नोव्हेंबर 2007 पासूनचे तीन महिने 12 फेब्रुवारी 2008 ला संपले. दिवस मोजले तर ते 92 भरतात. तुझ्या पत्रात 'तीन महिने' असतं तर मुदत 13 मेला, म्हणजे 89 दिवसांतच संपली असती, कारण मध्ये फेब्रुवारीची शेपटी आहे.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. 1989 साली सातपूरच्या एका कारखान्यात मी कार्मिक विभागात नवी होते. एका टर्नरने 31 जानेवारीला एक महिन्याची नोटीस दिली. मी आपली तीस दिवस मोजले आणि 2 मार्च लिहून दिलं. फेब्रुवारीत 31 तारीख नसते, मग महिना 28 लाच संपतो, हे मला माहीत नव्हतं. त्याला दुसरीकडे 1 मार्चला हजर व्हायचं होतं. बिचारा माझ्या कागदाला मान देऊन 3 मार्चला गेला, तर त्याच्या मशीनवर दुसरा माणूस उभा. तो परत आला, माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि 'बाई, तुमची तारीख चुकली वाटतं' एवढंच म्हणाला. साहेबांच्या हातापाया पडून मी त्याला पुन्हा आत घेतलं, पण नोकरी नव्याने धरली गेली. तेव्हापासून टेबलावर कालनिर्णय आणि पेन्सिल.

असो. रजा नोटिशीत वळती करणं हे कंपनीच्या धोरणावर असतं, तो आपोआप मिळणारा हक्क नाही. तुला ती लागतही नाही, तेव्हा त्या 14 रजांचे पैसे माग. नोटिशीच्या काळात मात्र शक्यतो रजा घेऊ नकोस. बऱ्याच कंपन्या तेवढे दिवस शेवटची तारीख पुढे सरकवतात.

पैसे भरण्याचा प्रश्न कंपनी 24 मेवर अडून राहिली तरच येतो. दहा दिवसांचा वाद. तू पगार 92,000 आणि त्यात मूळ वेतन 38,000 लिहिलं आहेस. मूळ वेतनावर दहा दिवसांचे 12,667 रुपये होतात, पूर्ण पगारावर 30,667. कशावर कापायचं ते नियुक्तीपत्रात किंवा धोरणात लिहिलेलं असलं पाहिजे, एचआरच्या मुलीने फोनवर सांगितलेलं चालत नाही. आणि जीएसटी? 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात अप्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केलंय की नोटिशीपोटी वसूल केलेली रक्कम हा कुठल्या सेवेचा मोबदला नाही, त्यावर जीएसटी नाही. या परिपत्रकाची प्रत जोडून पाठव. मी पैज लावते, तो विषय पुन्हा निघणार नाही.

आईंची काळजी खरी आहे. न्यायालय कोणाला खुर्चीत बसवून काम करायला लावत नाही, कंपनी फार तर नुकसानभरपाई मागू शकते. पण रिलिव्हिंग लेटर, म्हणजे नोकरी सोडल्याचं पत्र, अडवून माणूस जेरीस आणता येतो. म्हणून भांडू नकोस, फक्त कागद तयार कर. आजच दोन ओळींचा ईमेल टाक : 'मी 13 फेब्रुवारी 2026 रोजी लेखी नोटीस दिली आहे. नियुक्तीपत्रातील 90 दिवस 14 मे 2026 रोजी पूर्ण होतात, पोर्टलवरील तारीख दुरुस्त करावी.' तुमच्याकडे सगळं इंग्रजीत चालतं, इंग्रजीत लिही, पण यापेक्षा एक ओळही जास्त लिहू नकोस. पगार कमी मिळाला, मॅनेजर ओरडले, हे त्यात नको. काम कोणाला सोपवायचं ते वेगळ्या ईमेलमध्ये विचारून ठेव. उद्या कोणी म्हणायला नको की काम अर्धवट टाकून गेली.

शेवटचा हिशोब पंचेचाळीस दिवसांनी होईल असं तुला सांगितलंय. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्याप्रमाणे राजीनामा देऊन गेलेल्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. कंपन्यांच्या अंगवळणी ते पडायला वेळ लागेल, पण तू मागायला लाजू नकोस.

(नव्वद दिवस फार झाले असं तुझ्या पत्रात तीन ठिकाणी आलंय. 2017 साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमानाच्या कमांडरसाठी, म्हणजे मुख्य वैमानिकासाठी, ही मुदत एक वर्षाची केली होती. तुझं त्या मानाने बरं चाललंय.)

प्रश्न : मी अनुदानित माध्यमिक शाळेत कायम सहशिक्षक आहे, नोकरी अकरा वर्षं. पत्नीची बदली छत्रपती संभाजीनगरला झाली आहे, त्यामुळे मी राजीनामा देणार आहे. 20 एप्रिलला दिला तर तीन महिन्यांत उन्हाळी सुटी धरून 20 जुलैला मोकळा होईन, म्हणजे प्रत्यक्ष शिकवणं जेमतेम दीड महिना. बरोबर ना? संस्थेचे सचिव म्हणतात, तुम्ही आता सही करा, तारीख आपण नंतर टाकू. – सांगली जिल्हा

उत्तर : सर, दोन्ही गोष्टी करू नका. ना तुमची, ना सचिवांची.

खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी आपल्याकडे 1977 चा अधिनियम आणि 1981 ची नियमावली आहे, हे तुम्हाला माहीत असणारच. शिक्षक कक्षातल्या कपाटात ती असते, फक्त कोणी उघडत नाही. तिचा नियम 40 काढून वाचा. कायम कर्मचाऱ्याला तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कायम नसेल तर एक महिन्याची. पुढची ओळ तुमच्यासाठी : ज्याला दीर्घ सुटी मिळते त्याने सुटीत नोटीस द्यायची नाही, आणि सुटीचा कुठलाही भाग नोटिशीत येईल अशीही द्यायची नाही. शिवाय पहिलं सत्र सुरू झाल्यापासून महिनाभर नोटीस देता येत नाही. कारण उघड आहे. शाळेने जूनमध्ये वेळापत्रक लावायचं आणि जुलैत गणिताचा मास्तर गायब, असं व्हायला नको. तुम्ही मुख्याध्यापक असतात तर तुम्हीही हाच नियम केला असतात.

आता खिडकी किती उघडी राहते ते मोजू. शाळा जूनच्या मध्याला उघडते. सत्राचा पहिला महिना गेला की जुलैचा मध्य. तिथून तीन महिने म्हणजे ऑक्टोबरचा मध्य. यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, तेव्हा दिवाळीच्या सुटीआधी तुम्ही सुटू शकता. मी तुमच्या जागी असते तर नोटीस 31 जुलैला दिली असती. मग ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर असे तीन कोरे महिने मिळतात आणि 'कॅलेंडर महिना' या शब्दावर कोणी वाद घालू शकत नाही. फक्त तुमच्या जिल्ह्यात दिवाळीची सुटी ऑक्टोबरातच तर लागत नाही ना, हे आधी बघा. लागत असेल तर नोटीस तेवढे दिवस अलीकडे घ्या. दिवाळी चुकली तर पुढची संधी थेट दुसऱ्या सत्रात.

लवकर जायचंच असेल तर नोटिशीऐवजी वेतन भरून जाता येतं. त्यात भत्ते धरत नाहीत. पण संस्था राजी हवी. 'सरांकडून कशाला पैसे घ्यायचे' असं म्हणून संस्थेने तसंच सोडलं तर ती रक्कम शाळेच्या अनुदानातून कापली जाते. त्यामुळे सचिवांनी तोंडी दिलेल्या सवलतीवर विसंबू नका. त्यांचे लेखनिक पुढच्या वर्षी तुम्हाला शोधत येतील.

आणि ती बिनतारखेची सही! अधिनियमाचं कलम 7 खास याचसाठी आहे. राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही करायची, दोन्हींवर तारीख घालायची, एक प्रत व्यवस्थापनाला नोंदणीकृत टपालाने पाठवायची, दुसरी आपल्यापाशी ठेवायची. संस्थाचालकांच्या टेबलाच्या खणात शिक्षकांचे सह्या केलेले कोरे कागद पडून असायचे, त्या काळाला घातलेला हा बांध आहे. खण अजून आहेत, तेव्हा कलमही वापरा. 2025 पासून नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, म्हणून खिडकीवर स्पीड पोस्ट करताना 'नोंदणीसह' असं मुद्दाम सांगा आणि पावती राजीनाम्याच्या प्रतीला टाचून ठेवा.

प्रश्न : सीएनसी ऑपरेटर आहे, सहा वर्षं झाली, कायम आहे. 2 मार्चला सुपरवायझरच्या हातात राजीनामा दिला, शेवटचा दिवस 2 एप्रिल लिहिला होता. त्यांनी कागद खिशात घातला आणि म्हणाले, जायचंच आहे तर उद्यापासून येऊ नको. मी गेलो नाही. आता ऑफिस म्हणतं, तू न सांगता फरार झालास, एक महिन्याचा पगार कापणार. पोचपावती घेतली नव्हती. – अंबड, नाशिक

उत्तर : फरार! जणू तुम्ही गल्ला घेऊन पळालात.

तुमची तारीख बिनचूक आहे, चुकलं ते कागद एकाच प्रतीत देण्यात. नोटीस दोन्ही बाजूंना बांधते. स्थायी आदेशांचा, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या लेखी नियमांचा, जो जुना केंद्रीय नमुना आहे त्यात महिन्याच्या पगारावरच्या कायम कामगारासाठी एक महिना, इतरांसाठी दोन आठवडे, अशी मुदत असून ती कामगाराला आणि मालकाला सारखीच लागू आहे. तुम्ही 2 एप्रिलपर्यंत काम करायला तयार होतात. त्यांनी आधी थांबवलं, तर त्या दिवसांचा पगार त्यांनी द्यायचा. तुमच्याकडून कापून घ्यायला जागाच नाही.

प्रश्न आहे सिद्ध करण्याचा. आज पत्र लिहा : 2 मार्चला राजीनामा कोणाच्या हाती दिला, काय उत्तर मिळालं, त्या वेळी शेजारच्या मशीनवर कोण होतं. मालकाच्या नावाने कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा, आणि ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिफ्ट लागते त्या ग्रुपवर नको, मालकाच्या किंवा एचआरच्या नंबरवर त्याचा फोटो टाका. त्या 2 मार्चच्या संध्याकाळी तुम्ही कोणाला निरोप केला होता का, बायकोला, मित्राला, 'उद्यापासून नको म्हणाले' असा? असेल तर पुसू नका. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज द्या. तिथला माणूस पहिला प्रश्न 'तुम्ही दुसऱ्या दिवशी गेटवर गेला होता का' हा विचारेल. गेला नव्हता. खरं तेच सांगा, सुपरवायझरने नको म्हटलं म्हणून नाही गेलो. वाचकांतल्या बाकीच्यांनी मात्र लक्षात ठेवा, असं कोणी म्हणालं तरी सकाळी डबा घेऊन गेटवर जायचं आणि रखवालदाराच्या वहीत नाव लिहायचं.

सहा वर्षं झाली आहेत, तेव्हा ग्रॅच्युइटीचा, म्हणजे सेवेच्या वर्षांवर नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचा, अर्ज वेगळा करा. तिचा या भांडणाशी संबंध नाही, आणि ऑफिसने तो जोडला तरी तुम्ही जोडू नका.

प्रश्न : मुलाने कॅम्पसमधून नोकरी घेतली, दोन वर्षांचा बाँड आणि सोडल्यास दीड लाख. मित्र म्हणतात, बाँड म्हणजे रद्दी, कोर्टात टिकत नाही. नोटीस पिरियड पूर्ण केला की झालं ना? – लातूर

उत्तर : नाही झालं. नोटीस वेगळी, बाँड वेगळा. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या एका प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख ही अट वैध ठरवली आहे. ती सरकारी बँक होती, भरतीला झालेला खर्च हे कारण तिथे मानलं गेलं. प्रत्येक खासगी कंपनीचा आकडा जसाच्या तसा टिकेल असं त्यावरून होत नाही, कारण करार कायद्यात भरपाई वाजवीच मिळते. तरी 'रद्दी' म्हणणाऱ्या मित्रांना दीड लाख उसने मागून बघा. मुलाची मूळ गुणपत्रिका कंपनीने ठेवून घेतली आहे असं पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय. बाँडपेक्षा त्याची मला जास्त चिंता आहे. ती याच महिन्यात, तो नोकरीत खुशीत असतानाच, काहीतरी निमित्त काढून परत आणा.

प्रश्न : मी पतसंस्थेत लेखापाल आहे, 5 जुलै 2021 ला लागले. मूळ आणि महागाई मिळून 26,000. नोटीस एक महिन्याची आहे. 30 एप्रिलला राजीनामा देऊन मे अखेर घरी बसावं असं चाललंय, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. सहकारी म्हणतात चार वर्षं 240 दिवस झाले की ग्रॅच्युइटी मिळते, पाच वर्षं थांबायला नको. खरं का? – कोल्हापूर

उत्तर : ताई, सहकारी अगदीच हवेत बोलत नाहीत. वर्षात 240 दिवस काम भरलं की ते वर्ष अखंड सेवेचं धरतात, आणि त्या आधारावर पाचव्या वर्षाचे 240 दिवस पुरेसे आहेत असं मद्रास उच्च न्यायालयाने पूर्वी म्हटलंय. बरेच मालक ते मानतात. तुमची संस्था मानेल का? नाही मानलं तर अर्ज, सुनावणी, तारखा. आणि रक्कम किती आहे बघा : 26,000 ला 26 ने भागा, 15 ने गुणा, पुन्हा 5 ने गुणा. बरोब्बर 75,000. लेखापालाला मी गणित काय सांगायचं! मेअखेर ते 4 जुलै हे पाच आठवडे आहेत. पाच आठवड्यांसाठी 75,000 वादात घालायचे नाहीत. सासूबाईंसाठी शिल्लक रजा काढा, आणि तीही संपली तर बिनपगारी मंजूर करून घ्या, लेखी.

मग नोटीस कधी? मी आधी कागदावर 8 जून लिहिलं होतं. सोमवार आहे, महिना 8 जुलैला संपतो, पाच वर्षं 4 जुलैला पूर्ण होतात, चार दिवस हाताशी राहतात. नंतर अंबडचं पत्र पुन्हा वाचलं आणि ते खोडलं. तुम्ही 8 जूनला दिलात आणि अध्यक्ष म्हणाले 'आजच मोकळ्या व्हा', तर पुन्हा तोच वाद, पाच वर्षं भरली की नाहीत. म्हणून नोटीस 6 जुलै, सोमवार. आदला दिवस रविवार आहे. शेवटचा दिवस 6 ऑगस्ट, आणि त्यानंतर तीस दिवसांत ग्रॅच्युइटी द्यायला हवी. तोपर्यंत संस्थेत कोणाला काही बोलू नका, सहकाऱ्यांनाही.

आवक-जावक रजिस्टर तुमच्याच टेबलावर असतं असं तुम्ही लिहिलंय. तरी त्या दिवशी नोंद आणि शिक्का दुसऱ्याच्या हातून करून घ्या, स्वतःच्या राजीनाम्यावर स्वतःच पोचपावती देऊ नका.